विरोधी बाकावरची माझी मैत्रीण

ऐंशीच्या दशकात मी ग्लासगोच्या एका मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार डॉक्टर होते. आमच्या वॉर्डात एक आफ्रिकन मिडवाइफ होती. तिच्या देशात एकाच पक्षाचं राज्य. त्याविरुद्ध सभेत बोलली म्हणून तिची नोकरी गेली आणि अटक व्हायच्या आत ती इकडे निघून आली. आमच्या शिफ्ट बहुतेक एकत्रच लागायच्या, आणि इथली थंडी दोघींनाही सोसायची नाही. मैत्री व्हायला वेळ लागला नाही.

एकदा एका बाईचं तातडीनं सिझेरियन करावं लागलं. मी तिला सगळं समजावलं, तिनं सही केली, आम्ही तिला थिएटरमध्ये नेलं. नंतर कॅन्टीनमध्ये मैत्रिणीनं विचारलं, "तिच्या नवऱ्याला कुणी विचारलंच नाही?"

मी म्हटलं, पोट तिचं, त्याला काय विचारायचं?

ती म्हणाली की तिच्या देशात नवऱ्याच्या सहीशिवाय बाईचं ऑपरेशन करायला कायद्यानंच बंदी आहे. तिची धाकटी बहीण बाळंतपणात अडली होती. नवरा लांब खाणीवर कामाला. तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हे सांगताना ती रडली नाही.

"हा कायदा मी बदलणार," एवढंच म्हणाली. मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो असं.

नव्वदीच्या सुरुवातीला तिकडे इतर पक्षांना परवानगी मिळाली आणि तिनं राजीनामा दिला. वॉर्डातल्या सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. ती गेली, निवडणुकीला उभी राहिली आणि निवडूनही आली. पार्लमेंटमध्ये विरोधी बाकांवर ती एकटीच बाई.

अधूनमधून फोन व्हायचा. तिनं पहिल्यांदा विधेयक मांडलं तेव्हा समोरच्या बाकांवर हशा पिकला. आधी स्वतःच्या नवऱ्याला विचारून ये, असं एक मंत्री म्हणाला. विधेयक पडलं. ऐकून माझाच धीर सुटला. ती मात्र खेडोपाडी फिरत राहिली. ज्यांच्या लेकीसुना अशा गेल्या होत्या, त्या घरांतल्या माणसांना, पुरुषांनासुद्धा, तिनं बोलतं केलं. विधेयक पुन्हा आलं तेव्हा ही सगळी माणसं प्रेक्षक गॅलरीत येऊन बसली. आपापल्या मतदारसंघातले म्हातारे वर बसलेले दिसल्यावर खाली कुणाला हसायची हिंमत झाली नाही. सत्ताधारी पक्षातली एक बाई उठली आणि म्हणाली, पक्ष काहीही म्हणो, माझं मत हिला. मग एकेक जण उठत गेला. विधेयक पास झालं.

पुढे खासदारांच्या एका शिष्टमंडळाबरोबर ती ब्रिटनला आली, तेव्हा वेळ काढून ग्लासगोला आमच्याकडे जेवायला आली. भरीत तिला भारी आवडायचं. जेवता जेवता तिनं सांगितलं की तिच्या मतदारसंघातल्या दवाखान्यात लिहिता न येणारी एक बाई स्वतःचा अंगठा उमटवून थिएटरमध्ये गेली. आई आणि मुलगी, दोघी सुखरूप. आता मात्र तिचा आवाज कापत होता, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

माझे मिस्टर म्हणाले, आता तरी जरा विश्रांती घ्या.

"विश्रांती कसली?" ताट पुढे करत ती म्हणाली. "आता आमचं सरकार आणायचंय."