दादाच्या रोपांतला विषाणू

प्रयोगशाळेत तिला सगळे पानबाई म्हणत. एकवीस वर्षं ती झाडांच्या पानांतले विषाणू शोधत होती. त्या वर्षी टोमॅटोच्या एका पानात असा विषाणू सापडला, की कुठल्याच यादीत त्याची नोंद नव्हती. साहेब तर नवा जावई घरी आल्यासारखे हरखले. तिने नमुन्याच्या पाकिटावरचा पत्ता वाचला, पुन्हा वाचला. रोपवाटिका तिच्या सख्ख्या भावाची होती.

“हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या,” ती म्हणाली.

“दुसरं आहे कोण? नातं मी कागदावर नोंदवतो. तपासणी तुम्हीच करा.”

दादाच्या फाटकाला सरकारी कुलूप लागलं. विषाणू नवा म्हणजे घातकच, असं नसतं. कित्येक तर झाडात मुकाट पडून असतात. हा कसला आहे ते पाहायला तिने त्या पानाचा रस निरोगी रोपांवर चोळला: टोमॅटो, वांगी, मिरची. मग दोन दारांच्या आतलं काचघर आणि रोजची पाहणी. आत मोबाइल न्यायला बंदी. बाहेर येऊन कपडे बदलेपर्यंत दादाचे सात-आठ फोन येऊन गेलेले असत.

“अगं, माझी रोपं ठणठणीत आहेत. एक पान पिवळं नाही!”

“दादा, मला अजून काही सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही, की सांगायचं नाही?”

दोन्ही खरं होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

सोळाव्या दिवशीही सगळी रोपं टवटवीत होती. तिने मनातल्या मनात ‘धोका कमी’ असं लिहूनही टाकलं. एकोणिसाव्या दिवशी मिरचीची कोवळी पानं आक्रसली. तिने नवी रोपं घेतली, पुन्हा रस चोळला, पुन्हा दिवस मोजले. पुन्हा तेच. आणि दादाच्या कुंपणापलीकडे नजर पोचेल तिथवर मिरचीच होती.

तिने ‘धोका जास्त’ लिहिलं.

दादाची रोपं जाळायचा हुकूम निघाला. जाळताना तपासणाऱ्याने हजर राहून सही करायची, असा नियम होता. दादा धुराकडे पाठ करून उभा होता.

“तू खोटं लिहिलं नाहीस, कळतं मला,” तो म्हणाला. “पण काही दिवस घरी येऊ नकोस.”

त्या हंगामात शेजारच्या मिरचीला काहीच झालं नाही. वहिनीने फोन करून विचारलं, “रोपं जाळली म्हणून मिरची वाचली, की तसंही काही होणार नव्हतं?”

“वहिनी, ते आता कुणालाच कळणार नाही,” ती म्हणाली.

फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही.