सोमवारचा फोन आणि खोली नंबर चौदा

भूतखेत, संकेत असा विषय निघाला की उठून चहा टाकायला जाणारी बाई मी. इथे लिहितेय ती रागाने... घाबरून नाही.

लालबागला माझे मिस्टर आणि मोठे भाऊजी मिळून मसाला कांडायची गिरणी चालवतात. तीन वर्षांपूर्वी मिस्टरांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले. मिरची कांडताना मध्येच मटकन खाली बसायचे. मांडीतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयापर्यंत घालून ठोके बिघडवणारी जागा जाळतात, त्या अ‍ॅब्लेशनबद्दल मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, गोळ्या चालू आहेत ना, घाई कशाला. भाऊजी म्हणाले, सीझन जाऊ दे. मग गणपती होऊ देत. मग दिवाळी... अशी दोन वर्षं गेली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, सोमवारी दुपारी मी परळला आमच्या शाळेच्या ऑफिसात होते. मोबाइल वाजला. एका बाईंचा शांत आवाज. त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "उद्या दहाला मिस्टरांना घेऊन या. खोली नंबर चौदा. आता थांबू नका."

घरी सांगितलं तर भाऊजी चिडले. ऐन सीझनमध्ये गिरणी कोण बघणार? लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्यापुढे आवाज चढवला. "गिरणी तुम्ही बघा. माणूस मी बघते."

मंगळवारी हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, यादीत नाव नाही, आम्ही कुणाला फोन करत नाही, आणि चौदा नंबर तर सामानाची खोली आहे. मी तिच्याशी भांडून मिस्टरांना घेऊन वर गेले. दार उघडं होतं. आत ठोक्यांचे स्पेशालिस्ट डॉक्टर स्वतः खोके बाजूला सारत होते. त्यांच्या खोलीत सकाळी पाइप फुटला, म्हणून अर्ध्या तासापूर्वीच इथे आले होते.

मोबाइल काढून बघितला... सोमवारचा तो कॉल त्यात नव्हताच. पण ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या शिंदेबाईंनी मला बोलताना बघितलं होतं!

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. तेव्हा एकदाच्या अ‍ॅब्लेशनमध्ये भागण्याची शक्यता जास्त होती. आता हृदयाचा डावा कप्पा मोठा झालाय."

पुढच्या आठवड्यात अ‍ॅब्लेशन झालं. सहा महिन्यांत ठोके परत बिघडले, दुसऱ्यांदा करावं लागलं. आता मिस्टर अर्धा दिवस गिरणीत बसतात — नुसते बसतात.

सगळे म्हणतात, देवच धावून आला, नारळ फोड. मी फोडलेला नाही. फोन कुणाचा होता ते आजही कळलेलं नाही. पण तो आवाज परत आला तर एवढंच विचारणार आहे — बाई, तुम्हाला इतकं सगळं कळत होतं, तर दोन वर्षं कुठे होतात?