आजीचा किमोनो आणि खणाचा ओबी

साताऱ्यात माझं शिवणकामाचं छोटं दुकान होतं आणि नाटकांचे कपडे हा जोडधंदा. एक दिवस शिरवळच्या कारखान्यातल्या जपानी इंजिनिअरची बायको पिशवी घेऊन आली. पिशवीत रेशमाच्या नुसत्या लांब पट्ट्या होत्या.

"आजीचा किमोनो," ती मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. "धुवायला उसवला. शिवणार?"

कुठे गोलाई नाही, कुठे कळी नाही. मी पट्ट्या जमिनीवर मांडून बघत बसले. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आगं, ह्यात कापून टाकलेलं कायच न्हाई की. लय शानी हाय हिची आजी."

तो किमोनो त्या जपानी बाईनं आणि मी दुकानातच बसून हातशिलाईनं पुन्हा जोडला. रोज ती शिरवळहून यायची, आईच्या हातची थालीपीठं खायची आणि मला किमोनोतलं काही ना काही शिकवायची. तिथून मला त्या कपड्याचं वेडच लागलं. माझ्या स्वप्नातसुद्धा बाह्या लांब झाल्या.

पुढे सांगलीच्या एका हौशी संस्थेनं स्पर्धेसाठी जपानी लोककथेवर एकांकिका बसवली आणि कपडे माझ्याकडे आले. बजेट बेताचं. किमोनो मी जुन्या इरकली साड्यांचे केले आणि कमरेचा रुंद पट्टा, ज्याला ते ओबी म्हणतात, तो खणाचा. रंगीत तालमीला माझ्या या जपानी मैत्रिणीला घेऊन गेले. नायिका रंगमंचावर आली आणि ही झटकन उठून उभी राहिली.

"नको, नको. डावा पदर उजव्यावर. उजवा वर फक्त मेलेल्या माणसाचा."

तिनं शिकवलेलं असूनही नेसवण्याच्या घाईत माझी गल्लत झाली होती. नायिका मात्र शांतपणे म्हणाली, "शेवटी मी भूत होऊन येतेच ना? मग तेव्हा उजवा वर घेते."

मैत्रिणीनं टाळ्या वाजवल्या. प्रयोगाच्या दिवशी भूत आलं तेव्हा ते बारकं काम सबंध प्रेक्षकांत तिला एकटीलाच कळलं. ती डोळे पुसत हसत होती. वेशभूषेचं बक्षीस एका ऐतिहासिक एकांकिकेला गेलं, पण त्या खणाच्या ओबीमुळे मला पुण्याची कामं मिळू लागली.

आता वाईकडे चित्रण चालणाऱ्या मालिकांसाठी नऊवारी आणि फेटे, हेच माझं रोजचं काम. सवड मिळाली की किमोनो. मैत्रीण नवऱ्याच्या बदलीनं मायदेशी परतली. गेल्या वर्षी मी तिच्या गावी गेले, तेव्हा तिच्या आईनं मला किमोनो नेसवला; त्यात एकेक छोटं पाऊलच टाकता येत होतं. मी त्यांना नऊवारी नेसवली. म्हातारीनं आरशात पाहिलं, दोन ढांगा टाकल्या आणि लेकीला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणते, यात पळता येतं."

आणि म्हातारी खरोखरच अंगणात कोंबड्यांमागे धावली.