उजव्या हातातली अंगठी

नोएमी लग्न होऊन पॅरिसला लागून असलेल्या मोंरूजला आली, त्या वर्षीची गोष्ट. नवरा जेवणाचा डबा विसरून गेला म्हणून ती तो घेऊन तिकिटांच्या छापखान्यात गेली आणि दाराबाहेरच थबकली. आत भांडण चाललं होतं.

"ज्याला ठशाच्या पाठीवर हातोडी मारावी लागते, तो कोरणारा नव्हे, कल्हईवाला." हा तिचा नवरा, अँसेल्म.

"आणि तुझा बाप कोण रे? नदीकाठी चाकावर पालथा पडून सुऱ्यांना धार लावणारा. थंडी वाजते म्हणून पायांवर कुत्रं निजवणारा." हा वोद्रे, शेजारच्या टेबलावरचा.

"ते कुत्रं ऊब तरी द्यायचं, वोद्रे. तुझ्यासारखं नुसतं भुंकायचं नाही."

नोएमीनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि पावलं न वाजवता परत फिरली. नवऱ्याच्या जिभेला हाड नाही हे तिला त्या दिवशी कळलं. चटका बसायला पुढं पंधरा वर्षं गेली.

अँसेल्मचं कुर्तादों घराणं तिएर गावचं. सुऱ्यांचं गाव ते. अँसेल्म बाराव्या वर्षी चाकूंच्या पात्यांवर नक्षी कोरायला लागला आणि हात चालला म्हणून पॅरिसला आला. इथं तो टपालाची तिकिटं कोरायचा. तिकीट जेवढं, तेवढाच पोलादाचा तुकडा, आणि त्यावर सगळं उलटं, आरशात दिसावं तसं. एक रेघ केसभर खोल गेली की संपलं. मग ती खरवडायची, खड्डा पडतो तो पाठीमागून हातोडीनं ठोकून वर आणायचा. अँसेल्मनं जन्मात तशी हातोडी उचलली नव्हती, आणि हे तो चारचौघांत सांगायचा.

कोरायचं काम असलं की हात हलू नये म्हणून तो कोळशाची बादली उचलत नसे, कॉफी पीत नसे, कुणाशी हात मिळवत नसे. बादल्या तिनं चार जिने चढवायच्या. खालच्या मजल्यावरच्या बायका म्हणायच्या, "नोएमीनं नवरा नाही केला, काचेचं झुंबर आणलंय." ती म्हणायची, "झुंबर बरं, ते जेवायला मागत नाही."

सदतीस साली बुडालेल्या खलाशांच्या बायकामुलांसाठी एक तिकीट निघायचं ठरलं. दर्याकडे डोळे लावून बसलेली कोळीण, गुडघ्यांवर हातावर हात आणि त्यावर हनुवटी टेकलेली. चित्रकारानं चेहरा झकास काढला होता. हात मात्र उकडलेल्या बटाट्यासारखे. म्हणून अँसेल्मनं तीन रविवार नोएमीला खिडकीशी बसवलं आणि तिचे हात बघून कोरले. चार महिने गेले त्या ठशावर. वोद्रे तोवर साहेब झाला होता. ठसा तपासणं, पोलादाला पाणी देणं, सगळं त्याच्या हाताखाली. त्यानं ठशावरून कागदावर छापलेला नमुना भिंग लावून पाहिला आणि सही केली. गुरुवारी सकाळी दहाला पाणी द्यायचं ठरलं. पाणी दिलं, म्हणजे तापवून तेलात बुडवलं, की पोलाद कडक. मग देवानंही कोरणी लावली तरी ओरखडा उठायचा नाही.

बुधवारी संध्याकाळी अँसेल्मनं तो नमुना चोरून घरी आणला. नोएमी कांदे चिरत होती. तिनं हात पुसले, कागद उजेडात धरला.

"हात माझे नाहीत हे," ती म्हणाली.

"तुझेच. करंगळी वाकडी आहे बघ."

"करंगळी माझी. पण माझी लग्नाची अंगठी डाव्या हातात आहे. हिच्या उजव्या हातात कशी आली?"

तो हसायला गेला, आणि हसू अर्ध्यावर राहिलं. बाकी सगळं चित्र त्यानं आरशात बघून कोरलं होतं. हात मात्र समोर बायको बसवून, दिसले तसे. छापताना ते उलटले होते. नवऱ्याची वाट बघणारी बाई, आणि अंगठी भलत्याच हातात. तिकिटं जमवणारे लोक माशीच्या पायावरचे केस मोजतात. आठवड्यात अख्ख्या देशात हसू झालं असतं, आणि त्याच्या हाती पुन्हा ठसा आला नसता.

"अजून मऊ आहे ना पोलाद?" तिनं विचारलं.

"उद्या दहापर्यंत. पण वोद्रेकडे जावं लागेल."

"मग जा."

"कुठल्या तोंडानं?"

"ज्या तोंडानं त्याला बोललास त्याच. दुसरं आणलंयस कुठं?"

सकाळी आठला दोघं वोद्रेच्या टेबलासमोर उभी होती. अँसेल्मनं सगळं सांगितलं, नमुना घरी नेल्याचंसुद्धा. वोद्रेनं भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"सही माझीही आहे याच्यावर," तो म्हणाला. "कुणाच्या लक्षात आलं?"

"हिच्या."

"मादाम, तुम्ही कुठं शिकलात हे काम?"

"मी तीन वर्षं शाळेत गेले, साहेब. पण अंगठी पंधरा वर्षं घालतेय."

वोद्रेनं घड्याळाकडं पाहिलं. भट्टी पेटली होती. "वरच्या हातातली अंगठी काढली की झालं. खाली डावा हात आहे, त्याची बोटं झाकलेलीच आहेत. खरवडा, कुर्तादों."

अँसेल्मनं खरवडलं. अंगठीच्या जागी खळगा राहिला. मग तो हातोडी हातात घेऊन नुसताच उभा राहिला. वीतभर हातोडी, पण कुठं आणि किती जोरानं मारायची हे त्याला ठाऊक नव्हतं. खळग्याच्या वर दोन रेघांवर कोळिणीची हनुवटी. जरा जास्त लागली की चार महिने पाण्यात.

"द्या इकडं," वोद्रे म्हणाला.

नोएमी टेबलाजवळ सरकली. ते भांडण तिनं ऐकलं होतं हे वोद्रेला माहीत नव्हतं. या माणसाला सूड उगवायचा असता तर आजच्यासारखा दिवस पुन्हा मिळणार नव्हता, आणि हात घसरला म्हटलं की कोण काय म्हणणार?

वोद्रेनं कर्कटकानं माप घेऊन ठशाच्या पाठीवर खूण केली. ठसा ऐरणीवर पालथा घातला. एक टोला मारला, भिंगातून पाहिलं. दुसरा मारला. तिसऱ्याला हातोडी उचलली, थांबला, आणि खाली ठेवली.

"पुरे. हे न मारणं शिकायलाच मला दहा वर्षं लागली." मग तो नोएमीकडं वळला. "आता त्यांना बोट बघावं लागेल, मादाम. अंगठी काढा."

अंगठी निघेना. नळावर साबण लावून तिनं ओढली, सांधा लाल झाला तेव्हा सुटली. बोट नवऱ्यापुढं धरून ती पाऊण तास श्वास रोखल्यासारखी बसली, आणि अँसेल्म तिथली कातडी कोरत राहिला, आठ-दहा रेघा, केसाहून बारीक. दहाला पाच मिनिटं कमी असताना त्यानं कोरणी ठेवली. ताजा नमुना काढला. हनुवटी शाबूत होती. लालभडक ठसा तेलात उतरला, चर्र आवाज झाला, आणि तिघंही तडा जातो का ते ऐकत उभी राहिली. तडा गेला नाही.

"वोद्रे," अँसेल्म म्हणाला, "मी त्या वेळी बोललो ते—"

"भट्टीजवळ गर्दी करू नका," वोद्रे म्हणाला.

दोस्ती काही झाली नाही. पण तेव्हापासून प्रत्येक ठशाचा पहिला नमुना आधी नोएमीकडं यायचा आणि मग सहीला जायचा. वोद्रेनं तसा कागदावर नियम केला नाही, आडकाठीही केली नाही. तिच्या डोळ्यांखालून अशी एकोणतीस तिकिटं गेली. दोनदा तिनं परत पाठवलं; एकदा गाईची धार भलत्या बाजूनं काढत होते म्हणून.

अँसेल्म सत्तावन्न सालच्या एप्रिलात गेला. शेवटचा नमुना त्यानं मार्चमधल्या एका मंगळवारी आणला होता, डोंगरातल्या पुलाचा. नोएमीनं चष्मा पुसला, खिडकीशी गेली.

"पाणी कुठून कुठं वाहतंय?"

"डावीकडून उजवीकडं."

"खरंच तसं आहे?"

"पत्र लिहून विचारलं तिथल्या पाद्र्याला."

"मग ने."

त्यानं नमुना पुठ्ठ्यात घातला, टोपी घातली आणि चालत छापखान्यात गेला. कारकुनाकडून पोच घेतली, येताना पाव घेतला, आणि सूप निवायच्या आत घरी आला.