कोंडिवट्याच्या लेण्यात बाबांना सांगितलेली गोष्ट

माझे बाबा चाळीस वर्षं साकीनाक्याच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्रा ठोकता ठोकता त्यांचे कान गेले. कानाचं मशीन लावायला ते तयार नाहीत. त्यामुळे त्यांना काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि घाटकोपरच्या आमच्या चाळीत ओरडून बोललेलं अख्ख्या मजल्याला कळतं.

गेल्या वर्षी मी नवऱ्यापासून वेगळी झाले. तीन आठवडे माहेरीच होते. आईला सांगितलं होतं, ऑफिस इथून जवळ पडतं. खरं काय ते आधी बाबांना सांगायचं होतं. आई रडायला लागली असती आणि माझं बोलणं तिथेच राहिलं असतं. म्हणून एका रविवारी दिवसभरासाठी गाडी केली. गुडघ्यांमुळे आई येणार नव्हतीच.

"महाकालीची लेणी बघू, मग सायनचा किल्ला!" मी बाबांच्या कानाशी ओरडले.

पहिलं उत्तर शेजारच्या काकूंकडून आलं, "पाण्याची बाटली घे गं!"

वाटेत साकीनाका लागला. बाबांनी काच खाली करून आपला जुना गाळा शोधला. तिथे आता मोबाइलचं गोदाम होतं. "अर्ध्या तासावर लेणी," ते म्हणाले, "आणि एकदाव येवक जमला नाय." गावची बोली त्यांनी मुंबईत कधी सोडली नाही.

महाकालीची लेणी कोंडिवट्याच्या टेकडीवर आहेत, तिथे फारसं कोणी नव्हतं. जुन्या विहारांमधून बाबा सावकाश फिरले. प्रत्येक भिंतीवरून तळवा फिरवत होते. एका ठिकाणी छिन्नीचे तिरके घाव दिसले, तिथे थांबले. "हो माणूस डावरो होतो," म्हणाले. मला काही ते कळलं नाही, पण त्यांनी डाव्या हाताने घाव घालून दाखवला तेव्हा पटलं.

आतल्या एका लेण्यात स्तूप आहे. त्याच्याभोवती दगडाचीच गोल भिंत, तिला जाळीच्या खिडक्या. आत गार होतं. आम्ही भिंतीला टेकून बसलो. मी श्वास घेतला आणि नेहमीसारखी ओरडले, "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय!"

सगळं लेणं घुमलं. बाबा दचकले, मग हसायला लागले.

"हळू बोल गो. हयसर मशिनी बंद आसत. माका ऐकाक येता."

मी आवाज खाली आणला, त्यांच्या अगदी जवळ सरकले आणि सांगितलं. भांडण नाही, मारझोड नाही, पण दोन वर्षं आम्ही एकमेकांशी नीट बोललेलोच नाही. आता परत जाणार नाही. इतक्या हळू आवाजात मी बाबांशी शेवटची कधी बोलले होते, मला आठवेना.

बाबा स्तूपाकडे बघतच म्हणाले, "माका ठाऊक होता."

"कसं?"

"कुकर घेवन कोण माहेराक येता गो?"

मला हसू आलं आणि मग रडू. त्यांनी पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. "आईक मी सांगतंय," ते म्हणाले.

"तुम्ही सांगणार म्हणजे सगळ्या मजल्याला कळणार."

"बरां झाला. प्रत्येकाक वेगळा सांगूक नको."

सायनला पोचेपर्यंत दुपार उतरली होती. किल्ल्याच्या पायऱ्यांवर बाबा चार वेळा बसले, पण वर आले. वर पडक्या भिंती, त्यांच्यावर पोरापोरींनी कोरलेली नावं, आणि वारा. पूर्वेला चेंबूरच्या इमारती दिसत होत्या.

"ऱ्हवाक जागा बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"चेंबूरला एक खोली बघितलीय."

"खंय ता? दाखव."

मी बोटाने अंदाजे दाखवलं. बाबांनी डोळ्यांवर हात धरला आणि न दिसणारी ती खोली मन लावून बघितली. "पाणी किती वाजता येता थंय?"

मला माहीत नव्हतं. "आधी ता विचार," म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले.

आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने माझ्यासाठी वेगळा मिसळणाचा डबा घेतला, त्यात हळद-मोहरी भरली. खोलीवर आम्ही तिघंही गेलो. दाराची कडी बसत नव्हती. बाबांनी खिशातून कानस काढली आणि कामाला लागले. आई खिडकीशी उभी राहून समोरच्या बाईला विचारत होती, इथे मासळीवाली कोणत्या वारी येते.