पोनिराच्या घरची बरकत

आमच्या वस्तीत कुणाच्या घरी दुवा असली की पाहुणा रिकाम्या हाताने परतत नाही. पुरुष माणसं चटईवर बसून दुवा म्हणतात, दोन घास तिथे खातात आणि उरलेलं बांबूच्या टोपलीतून घरी नेतात. केळीच्या पानावर भात, कोंबडीचा तुकडा, आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेंपे, खोबरं घातलेली पालेभाजी, उकडलेलं अंडं. या टोपलीला आम्ही बरकत म्हणतो आणि ती घरातल्या सगळ्यांनी मिळून खायची असते. टोपल्या भरताना बाईचा हात कसा चालतो यावरून मी बाई ओळखते. यू पोनिराचा हात तराजूसारखा चालायचा. वस्तीचा कारभार बघणाऱ्या पाक बायानच्या टोपलीत जे, तेच एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या म्बाह केर्तोच्या टोपलीत. कुणाच्या वाट्याला अंडं लहान आलं, तर वर तेंप्याचा एक तुकडा जास्त.

ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला यू म्हणते आणि ती मला दिक रुबिया म्हणते. आमच्या जमिनींच्या मध्ये फक्त एक ओहोळ. माझं दुकान उतारावरच्या वळणावर आहे. चहा, कॉफी आणि तळलेली केळी. लाकडाचे ट्रक तिथेच थांबतात. माझी जीभ तिखट आहे, ट्रकवाले निम्मा चहा घाबरूनच पितात. यू पोनिरा मात्र रोज सकाळी बकऱ्यांचा पाला टाकून झाला की माझ्या बाकड्यावर येऊन बसायची आणि माझी बडबड मुकाट ऐकायची.

सेंगोनचं झाड डोळ्यांदेखत वाढतं. लेक पहिलीत गेली तेव्हा लावलेलं रोप ती सहावीत जाईस्तोवर कापायला येतं. छप्पर गळतंय, कापा. लेकीचं लग्न ठरलं, कापा. लाकूड हलकं, सरळ, चटकन खपणारं. म्हणून सेंगोनला कुणी जीव लावत नाही. यू पोनिराने लावला. बियांवर कढत पाणी ओतायचं, ते निवलं की साध्या पाण्यात रात्रभर ठेवायचं, हे आम्ही सगळेच करतो. पण ती पाणी ओतताना तोंड फिरवायची, चटका जणू तिलाच बसतोय. रोप गुडघ्याला लागलं की दुसरा फाटा नखाने खुडायची, बुंध्याभोवतीचं गवत उपटून तिथेच अंथरायची, बकरीचं खत घालायची. आणि झाड तोडायची वेळ आली की खोडावर थाप मारून म्हणायची, "माफ कर हं बाबा, आता वाट दे." तिचा नवरा सारविदी हसायचा. तो फांद्या छाटायला शेंड्यापर्यंत चढायचा, सगळ्या वस्तीची झाडं तोच छाटायचा. एका पावसाळ्यात तापाने गेला. लेक खाली सपाटीला दिलेली. मग यू पोनिरा, दोन बकऱ्या आणि उतारभर सेंगोन, एवढंच उरलं.

गाठी पहिल्यांदा दिसल्या त्या तिच्याच उतारावर. फांद्यांवर मुठीएवढ्या, आल्याच्या गड्ड्यासारख्या, आणि त्यांच्यावर विटकरी भुकटी. बोट लावलं की बोट रंगायचं. पाक बायानने सगळ्यांना हाक दिली. आमच्याकडे असं काम एकट्याने करायचं नसतं. सगळी वस्ती कोयते घेऊन चढली आणि संध्याकाळपर्यंत गाठाळ फांद्यांचा डोंगर झाला. पाक बायान म्हणाला, खड्डा करून जाळून टाकू.

"एवढं सरपण जाळायचं?" यू पोनिरा म्हणाली. "थंडी तोंडावर आलीय. तुम्ही सगळे माझ्यासाठी राबलात, मी काय देणार? घरोघर सारखं वाटून न्या."

सगळ्यांना पटलं. नाही म्हणणारा एकही नव्हता, हे मी आज कुणाच्याही तोंडावर सांगेन. तिने स्वतः मोळ्या बांधल्या, उचलून वजन बघितलं, इकडची फांदी तिकडे केली. प्रत्येक चुलीमागे दोन मोळ्या रचल्या गेल्या, माझ्याही. विटकरी भुकटीसकट. रोग त्या भुकटीतूनच पसरतो हे नंतर कळलं.

पुढच्या पावसाळ्यात धुकं उतरलं ते महिनाभर हललं नाही. आणि मग घरोघरच्या कोवळ्या रोपांवर गाठी आल्या. आधी ज्यांचं सरपण रोपांजवळ रचलं होतं त्यांच्या, मग सगळ्यांच्या. कुणाचं चुकून राहिलं असं झालं नाही. वाटणी सारखी झाली होती ना.

आता दुसऱ्या एखाद्या मुलखात लोकांनी तिच्या दारात येऊन शिव्या दिल्या असत्या. आमच्याकडे तसं नसतं. आम्ही हसतो, वाकून पुढे जातो आणि आतल्या आत माणूस पुसून टाकतो. सारविदीच्या वर्षदिनाची दुवा होती. सगळे आले, नीट बसले, दुवा म्हटली, "फार त्रास घेतलात, यू" असंही म्हणाले. टोपल्या घेऊन गेले. मी दुकानात केळी तळत होते. समोरच्या बु तारमीने टोपली घराच्या मागे नेली आणि कोंबड्यांपुढे उपडी केली. "तिच्या हातचं आता नको गं बाई," तिने शेजारणीला सांगितलं. शेजारणीनेही तेच केलं. त्या संध्याकाळी वस्तीतल्या कोंबड्या कोंबडीच्या तुकड्यावर भांडत होत्या. मला इतका संताप आला की तेलात हात जायचा राहिला.

दुसऱ्या सकाळी यू पोनिरा आली. बसली नाही.

"दिक, काल कोंबड्या काय जेवल्या?"

"कुणाच्या?" मी म्हटलं.

"तुझ्या नव्हेत. तू खाल्लंस, माहीत आहे. मिरची जास्त झाली असं आज वस्तीभर सांगशील."

"झालीच होती जास्त."

ती हसली नाही. "पाण्यावरून येताना दिसलं मला. बु तारमीच्या घरामागे माझंच केळीचं पान पडलं होतं. मी कडा दुमडते ना, तसं दुमडलेलं." एवढं बोलून गेली. त्यानंतर ती माझ्या बाकड्यावर बसायची थांबली. बाकडं रिकामं दिसलं की मला रडू यायचं आणि मी ट्रकवाल्यांवर ओरडायचे.

पाऊस सरल्यावर ठरलं, की वस्तीतलं एकूण एक सेंगोन तोडायचं, मुळापासून सफाई करायची आणि उतारावर वेलदोडे, कॉफी जे जमेल ते लावायचं. बैठक पाक बायानच्या अंगणात होती. यू पोनिरा मागे उभी होती. सगळं संपत आलं तेव्हा म्हणाली, "पाक बायान, एक झाड राहू द्या."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. ती म्हणाली, "ओहोळाच्या कडेचं. त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं गाठींनी वाकलीत, त्याच्यावर एक नाही. मी वर चढून बघितलं."

"या वयात वर चढलात?" पाक बायान म्हणाला.

"सारविदी नाही, मग कोण चढणार? शेंगा धरल्यात त्याला. पिकेस्तोवर राहू द्या."

बु तारमी गोड आवाजात म्हणाली, "यूंचं मन मोठं. मागेही मोठं होतं." लोकांनी खाली बघितलं. 

मी उठून उभी राहिले. "ते झाड माझ्या हद्दीला लागून आहे," मी म्हटलं. "रोग आला तर पहिला माझ्या जमिनीत येईल. माझी हरकत नाही. बु तारमींची जमीन तिथून दिसते तरी का?"

पाक बायानने सुस्कारा टाकला. म्हणाला, "शेंगा पिकेपर्यंत. पण एक जरी गाठ दिसली तर त्याच दिवशी तोडायचं, यू."

"तोडायला मीच येईन," ती म्हणाली.

सगळा उतार बोडका झाला आणि ते एक झाड उभं राहिलं. येता-जाता लोक त्याच्याकडे मान वर करून बघायचे, गाठ शोधायचे. गाठ आली नाही. शेंगा तपकिरी झाल्या, तिने खाली चादरी अंथरून त्या पाडल्या, बी सोललं, कढत पाणी ओतलं. पिशव्यांतली रोपं अंगणात ओळीने लागली. लोकांना वाटलं, आता ही वाटणार. काहींनी कशी नाकारायची याचे शब्दही जुळवून ठेवले होते, मला माहीत आहे.

तिने भलतंच केलं. नदीपलीकडच्या गावात अजून रोग होता. तिथून ती भुकटीने माखलेल्या ताज्या गाठाळ फांद्या प्लास्टिकच्या पोत्यात तोंड बांधून घेऊन आली आणि रोपांच्या वर बांबूवर टांगल्या. धुक्याचे दिवस सुरू झाले होते.

वस्ती हादरली. पाक बायान स्वतः माझ्या दुकानात आला. "तुमची यू वेडी झालीय का?"

"मला काय विचारता? तिलाच विचारा."

आम्ही दोघं गेलो. ती पिशव्यांतलं तण काढत होती. पाक बायानने आवाज चढवला नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. "यू, आम्ही इतकं तोडलं, जाळलं, आणि तुम्ही पुन्हा तेच आणून ठेवता?"

"वस्तीत आता दुसरं सेंगोन नाही, पाक. ज्या रोपाला रोग लागायचा त्याला माझ्या अंगणातच लागू दे." तिने मान वर केली. "मागच्या खेपेला मी न बघता वाटलं. आता बघितल्याशिवाय कुणाच्या हातात काही देणार नाही. आणि ओहोळाकडचं झाड आजारी पडलं तर कुऱ्हाड तिथेच ठेवलीय."

पाक बायान उभाच राहिला. मग त्याने चप्पल काढली, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "पाणी द्या." तिने पाणी दिलं, तो प्यायला. त्या घरात त्या दिवसापर्यंत बऱ्याच काळात कुणी पाणी प्यायलं नव्हतं.

रोपं पटापट गेली. एका सकाळी दांड्यावर बारीक फुगवटा, दुसऱ्या सकाळी शेंडा वाकडा. ती एकेक उपटायची, चुलीत घालायची, "माफ कर हं" म्हणायची. मी एकदा म्हटलं, "आता पुरे कर, यू, जीव जाळून घेतेस." ती म्हणाली, "दिक, तू केळी तळ." धुकं गेलं तेव्हा ओळीच्या ओळी रिकाम्या झाल्या होत्या. तरीही काही रोपं सरळ, स्वच्छ उभी होती. पण घरं जास्त होती आणि रोपं कमी.

तिने फांद्या उतरवून जाळल्या आणि दुवा ठेवली. रोपांसाठी, झाडासाठी, सगळ्यांच्या खुशालीसाठी. पुरुष आले, मी आत टोपल्या भरू लागत होते. दुवा झाल्यावर पाक बायानने अंगणातल्या पिशव्यांकडे बघितलं. "यू, एका घराला एकसुद्धा येत नाही. कशी वाटायची?"

"वाटायचीच नाहीत," ती म्हणाली.

जिने अंडंसुद्धा मोजूनमापून वाटलं तिच्या तोंडून हे ऐकून म्बाह केर्तोचा घास हातातच राहिला.

"झऱ्याजवळची जागा कुणाची नाही," ती म्हणाली. "सगळी तिथेच लावू. आळीपाळीने राखू. आजारी पडली तर एका जागी पडतील, कुणाच्या घरात काही जाणार नाही. जगली तर बी सगळ्यांचं. मी लावणार नाही, तुमच्या हाताने लावा. माझ्या हाताचं आता..." 

म्बाह केर्तोने घास तोंडात टाकला, हात पानाला पुसला आणि म्हणाला, "तुझ्या हाताशिवाय ती जगायची नाहीत, पोरी. चल, फावडं घे." तो उठला तसे सगळे उठले. झऱ्याजवळ ऊन कलेपर्यंत खड्डे खणले. पहिलं रोप यू पोनिराने लावलं. मग पुरुष परत येऊन आपापल्या टोपल्या घेऊन घरी गेले.

मीही परत येऊन दुकान उघडलं, पण गिऱ्हाइकाकडे माझं लक्ष नव्हतं. समोर बु तारमीच्या नवऱ्याने टोपली आत नेली. मी घराच्या मागच्या बाजूकडे टक लावून बसले. अंधार पडेपर्यंत तिथे कुणी आलं नाही. मग आतून पोरांची अंड्यावरून भांडणं ऐकू आली.

सकाळी यू पोनिरा आली. बाकड्याजवळ उभी राहिली, बसली नाही.

"दिक, कोंबड्या?"

"उपाशी," मी म्हटलं. "सगळ्या वस्तीतल्या उपाशी आहेत, यू."

ती बाकड्यावर बसली. पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलत राहिले. मीही रडले, लपवलं नाही. ट्रकवाला चहासाठी हाका मारत होता, त्याला मी म्हटलं, थांब जरा, आधी हिचा चहा.