कुकर वाहणारा माणूस

आईबाबांच्या कामगार संघटनेची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. अमेरिकेतल्या पार्सिपनीत मावशीकडे राहायला आले, तेव्हा तिने आपल्या टूर कंपनीच्या दक्षिण अमेरिकेच्या टूरचं माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे सोपवलं. पंचतारांकित हॉटेलं आणि सोबत मराठी स्वयंपाकी, त्यामुळे अँडीजच्या पायवाटेवरही गरम वरणभात मिळणार होता. त्यासाठी कुकर आणि तांदूळ तिथले हमाल पाठीवरून वर नेणार होते. मी शेवटी एकच वाक्य घातलं: ‘तुमचं जेवण वाहून नेणाऱ्या माणसाचं नाव जरूर विचारा.’

मावशीने वाचून चष्मा काढला. “अगं बाई, लोक सुट्टीला चाललेत, मोर्च्याला नाही. हे कॅन्सल कर.”

मी तासभर भांडले. ती भाजी चिरत राहिली. “ठेव मग. पण पहिला फोन तू घ्यायचास.”

पत्रक लोकांना पाठवल्यावर तो दुसऱ्याच दिवशी आला. एक काकू होत्या. “छान लिहिलंयस हो,” त्या म्हणाल्या, “पण तो माणूस आमटीभाताला हात नाही ना लावणार?”

त्यांना खडसावायला मी तोंड उघडलं आणि “नाही, काकू” म्हणून बसले. त्यांनी लगेच दोन सीट बुक केल्या.

ते वाक्य मग मी स्वतःच पुसलं. मावशीला सांगावंही लागलं नाही.